खिडकीतला तिसरा

वजनमापे खात्याच्या निरीक्षकांना आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता असं नाही. मागून येऊन पुढे गेलेल्या सहकाऱ्याचा वाटला होता, शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या दाट केसांचा वाटायचा, आणि मेहुण्याचा तर कायमच वाटायचा. पण तो सगळा रीतसर हेवा होता, घरातला, ओळखीतला. ज्या माणसाशी आपली ओळखदेख नाही, आपण या जगात आहोत याचा ज्याला पत्ता नाही, आणि जो मुळात खराच नाही, अशा माणसावरून आपल्या पोटात दुखायला लागेल असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याचा तराजू जप्त केला असता.

झालं असं की, निरीक्षकांची बायको, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडबाई आणि तळमजल्यावर कपडे शिवून देणाऱ्या शिवणकाकू अशा तिघींनी मिळून एक जुनी परदेशी कादंबरी वाचायला घेतली. कादंबरी उशीला घ्यावी इतकी जाड. तिचा नायक म्हणजे टेकडीवरच्या एका गढीचा मालक. गढीतली सगळी घड्याळं बंद पडलेली असतात, ती दुरुस्त करायला गावातल्या घड्याळजीची मुलगी येते, आणि मालक तिच्या प्रेमात पडतो. मात्र हे प्रेम तो करतो ते न हसता, न बोलता आणि जमेल तिथे पाठमोरा उभा राहून. कादंबरी संपल्यावर या बायका थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण या कथेवर आजवर पाच वेळा सिनेमे नि मालिका निघाल्या होत्या आणि पाच निरनिराळे नट मालक झाले होते. हेडबाईंचा जन्म गेला उत्तरपत्रिका तपासण्यात. पाच जणांनी एकच प्रश्न सोडवलाय म्हटल्यावर त्यांना मार्क दिल्याशिवाय बाईंना अन्न गोड लागेना.

मग दर शनिवारी दुपारी तुलना सुरू झाली. तुलनेची पद्धत ठरलेली. एकच प्रसंग घ्यायचा आणि पाचही मालकांचा एकापाठोपाठ बघायचा. जागा अर्थातच निरीक्षकांची बाहेरची खोली, कारण मोठा पडदा त्यांच्याकडे होता. तो त्यांनी सामने बघण्यासाठी हौसेनं आणला होता. शनिवारी त्यांना अर्धा दिवस सुटी, सामना ऐन रंगात, आणि ते स्वतः आतल्या खोलीत दाराच्या फटीला डोळा लावून बसलेले, अशी वेळ त्यांच्यावर आली. आपल्याच घरात आपण फटीतून बघतो आहोत हे त्यांना लागत होतं. पण बाहेर येऊन बसावं तर तिघी अशा काही गप्प होत की, त्यांना स्वतःचा चहाचा घोटही मोठ्यानं ऐकू यायचा.

त्या शनिवारी प्रसंग होता खिडकीचा. घड्याळजीची मुलगी काम संपवून निघाली आहे आणि मालक खिडकीशी पाठ करून उभा आहे.

"मला पहिलाच आवडतो," हेडबाई म्हणाल्या. "उभा कसा राहतो बघा. माणसानं उभं राहावं तर असं."

"त्याला कोटानं उभा केलाय हो बाई," शिवणकाकू म्हणाल्या. "खांद्यात कापूस केवढा भरलाय! कोट काढला तर मटकन खाली बसेल."

दुसरा मालक एवढ्या मोठ्यानं बोलायचा की, तो गढीत आहे का बाजारात असा काकूंना प्रश्न पडला. चौथा फार देखणा होता, आणि ते त्याला कुणीतरी सांगूनही ठेवलं होतं. पाचवा आताआताचा, तो सारखा रडायचा. हेडबाईंनी त्याला काठावर पास केला. तिसऱ्याबद्दल मात्र कुणी काही बोलेना. तिसरा पडद्यावर आला, एक हात जबड्याला लावून खिडकीशी उभा राहिला, हळूच मान खाली घातली, आणि निरीक्षकांच्या बायकोनं उसासा टाकला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, निरीक्षकांनी बायकोचे नाना आवाज ऐकले होते. गॅस संपल्याचा आवाज त्यांना ओळखू यायचा, मेहुणा येणार असल्याचा यायचा. हा आवाज त्यांच्या माहितीतला नव्हता.

"त्याच्या मानेत सगळं आहे," बायको म्हणाली.

निरीक्षकांनी दाराची फट लावून घेतली. पुढचं बघायची त्यांना इच्छाच राहिली नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आतल्या आरशात त्यांनी स्वतःची मान न्याहाळून पाहिली. ती होती, पण तिच्यात सगळं आहे असं कुणी म्हटलं नसतं.

थोड्या वेळानं पाणी प्यायचं निमित्त करून ते बाहेर आले आणि खात्याच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या तुलनेत मुळातच गफलत आहे. एक तराजू दुसऱ्या तराजूवर तपासत नाहीत. प्रमाण वजन लागतं. तुमचं प्रमाण कुठं आहे?"

"ही काय," म्हणत हेडबाईंनी मांडीवरची कादंबरी थोपटली. "वाचलीत तुम्ही?"

निरीक्षकांनी वाचली नव्हती.

"नकाच वाचू. तुम्ही हसतमुख माणूस. तुम्हाला झेपायची नाही."

हसतमुख हा शब्द चांगला आहे असं लहानपणापासून सगळे सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा निरीक्षकांना तो बोचला. आधीच निरीक्षक म्हटलं की लोक पोलीस समजून दचकायचे, आणि वजनमापांचे म्हटल्यावर निवांत व्हायचे. तो निवांतपणा त्यांनी जन्मभर गिळला होता. आता घरातही आपण निवांत करणारा माणूस ठरतो आहोत हे मात्र त्यांना गिळवेना.

त्यांनी आधी सरळ मार्ग धरला. म्हणजे तिसऱ्याची बदनामी. मोबाइलवर बसून त्यांनी त्या नटाची माहिती काढली आणि रात्री जेवताना सहज विषय काढावा तशी ती मांडली. तिसरा आता म्हातारा झाला होता, टक्कल पडलं होतं, आणि त्याची तीन लग्नं मोडली होती.

"तिन्ही?" बायकोनं हातातला घास खाली ठेवला. "अगं बाई! बिचारा!"

त्या रात्री ती भांडी आवरतानाही दोनदा बिचारा म्हणाली. निरीक्षकांनी माहिती काढणं बंद केलं.

राहता राहिला दुसरा मार्ग. तो म्हणजे स्वतःच उदास होणं. यासाठी त्यांनी कादंबरी पळवून ऑफिसच्या पिशवीत घातली आणि पहिली काही पानं नेटानं वाचली. पुढे वाक्यं लांबलचक झाली, पण तोवर लागणारं सामान हाती आलं होतं. मालक जेवताना ताटावरून मान वर करत नाही. मालक विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारलं तरी बोलतोच असं नाही. मालक खिडकीशी उभा असतो. हे सगळं बिनखर्चाचं होतं.

सल्ल्यासाठी ते शेजारच्या पोस्टमास्तरांकडे गेले. पोस्टमास्तर हे गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ. जन्मभर लोकांच्या तारा वाचून त्यांचा चेहरा तसाच राहिला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुःख काय आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तसं काही नाही."

"घरात?"

"छान आहे."

"मग अवघड आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "पाया नसताना इमला उभा करायचा म्हणता. बरं, तब्येत?"

"ठणठणीत."

पोस्टमास्तरांनी निराशेनं मान हलवली. तरी शेजारधर्म म्हणून त्यांनी काही सूचना केल्या. डोळे दूरवर लावावेत. श्वास नाकानं सोडावा, तोही सावकाश. कुणी काय झालं म्हणून विचारलं तर काही नाही म्हणावं, पण काही नाहीच्या आधी थोडं थांबावं. शेवटी त्यांनी कपाटातून आपला नोकरीतला लांब कोट काढून दिला. कोट राखी होता, जाड होता, गुडघ्याखाली येत होता आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. त्याची कॉलर इतकी उंच होती की, ज्या मानेसाठी हा सारा खटाटोप ती कॉलरमध्ये बुडून गेली. पण दोघांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही.

आता खिडकीचं बघू. निरीक्षकांच्या घराला खिडक्या तीन. झोपायच्या खोलीतली शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. तिच्यातून दूरवर बघायला दूर असं काही नव्हतंच. स्वयंपाकघरातली पाण्याच्या टाकीवर उघडायची. उदास माणसानं टाकीकडे बघितलं तर लोक पाणी आलं का म्हणून विचारतात. उरली बाहेरच्या खोलीतली. ती रस्त्यावर होती, प्रशस्त होती, तिला गजही बरे होते. रस्ता मात्र अरुंद, त्यामुळे दूरवर बघायचं ठरवलं तरी नजर पलीकडच्या पहिल्या मजल्यावर जाऊन अडायची. तिथे दाताचा दवाखाना होता. तिथल्या मोठ्या काचेमागे खुर्ची, दिवा, आणि पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरीणबाई. निरीक्षकांना यातलं काही दिसत नव्हतं. ते दूरवर बघत होते.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की ते कोट चढवायचे, जबड्याला हात लावायचे आणि उभे राहायचे. पहिल्या दिवशी बायकोनं ताप आलाय का म्हणून विचारलं. निरीक्षक थोडं थांबले आणि काही नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात कुणाशी भांडण झालंय का विचारलं. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. ती चहा आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, जराशी थांबायची आणि निघून जायची. ती मागे उभी असल्याचं त्यांना कळायचं. तिसरा वळत नाही म्हणून तेही वळायचे नाहीत. जेवताना ताटावरून मान वर नाही, निजताना तोंड भिंतीकडे. एकदा चहा ठेवून ती बराच वेळ थांबली, तेव्हा आज उसासा येणार असं त्यांना अगदी नक्की वाटलं. तो आला नाही, पण प्रगती आहे अशी त्यांनी नोंद घेतली.

घरात ही प्रगती, तर ऑफिसात भलतंच होऊन बसलं. निरीक्षकांचं काम म्हणजे दुकानदारांनी आणलेले तराजू प्रमाण वजनं घालून तपासायचे आणि ठीक असतील तर शिक्का मारायचा. एरवी ते या कामात इतकं बोलायचे की, दुकानदार शिक्का घेऊन पळ काढायचे. आता ते बोलेनात. मखमलीच्या पेटीतून पितळी वजन काढायचं, पारड्यात ठेवायचं आणि काट्याकडे उदास नजरेनं बघत राहायचं, नाकानं सावकाश श्वास सोडत. समोरचा किराणावाला आधी चुळबुळला, मग त्याला घाम फुटला, आणि शेवटी त्यानं आपण होऊन पारड्याखालचं लोहचुंबक काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, मुलांची शपथ, एकदाच लावलं होतं," तो म्हणाला. निरीक्षकांनी तो तराजू नीट पाहिलासुद्धा नव्हता. ही बातमी बाहेरच्या रांगेत पोचली, तेव्हा रांगेतले निम्मे लोक घरी काहीतरी विसरलं म्हणून परत गेले.

साहेबांनी निरीक्षकांना बोलावून घेतलं. "तुम्ही बोलत नाही म्हणे. काय तक्रार आहे?"

निरीक्षक सवयीनं थोडं थांबले. "काही नाही."

त्या थांबण्यानं घोटाळा केला. साहेब सावध झाले. "काही नाही, तर तसं लेखी द्या."

निरीक्षकांनी लिहून दिलं की माझी काही तक्रार नाही. कागद दुसऱ्या दिवशी परत आला. खाली शेरा होता, की नेमकी कोणती तक्रार नाही याचा खुलासा करावा. निरीक्षकांनी खुलासा केला की पगार, बढती, बदली आणि पंखा यांबाबत आपली तक्रार नाही. साहेबांनी तो वाचला आणि ते आणखी अस्वस्थ झाले, कारण निरीक्षकांच्या बदलीचं मनात असलं तरी ते त्यांनी कुणाजवळ काढलंही नव्हतं, मग या माणसाला कसं कळलं?

तेवढ्यात युनियनच्या सेक्रेटरींना वास लागला. ते जेवणाच्या सुटीत येऊन निरीक्षकांशेजारी बसले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दडपण आणून लिहून घेतलं ना? आम्हाला कळतं. तुमच्या चेहऱ्यावर सगळं आहे."

बायकोनं हे वाक्य तिसऱ्याबद्दल मानेपुरतं म्हटलं होतं. इथे तर पुरा चेहरा मिळाला होता. निरीक्षक क्षणभर सुखावले.

"अहो पण माझं काही..."

"तुम्ही बोलूच नका. आता आम्ही बोलतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या प्रत्येकाच्या दंडाला काळी फीत होती. निरीक्षकांना ज्यानं गेल्या वर्षी डबा खाताना शेजारी बसू दिलं नव्हतं त्या कॅशियरच्या दंडालाही होती. साहेब आपल्या खोलीतून बाहेर येईनात. दुपारी फाटकाशी घोषणा देणार असं कळल्यावर मात्र निरीक्षकांनी हातातलं वजन तसंच पारड्यात सोडलं. ते साहेबांच्या खोलीत घुसले. जबड्यावर हात सवयीनं गेलेलाच होता. खरं कारण सांगणं शक्य नव्हतं. मी एका परदेशी नटावर जळतो, हे वाक्य सरकारी खोलीत कसं उच्चारायचं?

"साहेब, दात दुखतोय हो!" ते ओरडले.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "दात! अहो मग आधी नाही का सांगायचं? डॉक्टरचा दाखला आणा. तो फायलीला लागला की प्रकरण मिटलं."

सेक्रेटरींनाही ते मान्य झालं. दाखला येईपर्यंत मात्र फिती राहतील असं त्यांनी बजावलं. शनिवार होता. निरीक्षक दुपारी सुटले ते थेट घरासमोरच्या दवाखान्यात गेले, कारण दाताचे दुसरे डॉक्टर त्यांना ठाऊक नव्हते.

डॉक्टरीणबाई त्यांना बघून उठूनच उभ्या राहिल्या. "या, या! मी तुमची वाटच बघत होते."

"माझी?"

"रोज संध्याकाळी बघते ना तुम्हाला. गालाला हात लावून खिडकीत उभे असता, आमच्या पाटीकडे बघत. इतकं दुखतंय तरी रस्ता ओलांडायला भिता! पुरुष माणसं अशीच. बसा."

उदासीची एवढी साधना, आणि बघणाऱ्याला ती दाढदुखी वाटावी! निरीक्षकांचा अभिमान तिथेच ठेचला गेला. पण फिती डोळ्यांसमोर होत्या. "मला फक्त दाखला हवाय," ते म्हणाले.

"न बघता दाखला देत नाही मी. आ करा."

बाईंनी चिमटीएवढ्या हातोडीनं एकेक दात वाजवून पाहिला. दात खणखणीत होते. त्या जसजशा मागे जाऊ लागल्या तसतसा निरीक्षकांना दाखला हातचा जाताना दिसला. म्हणून अगदी शेवटच्या दाढेवर टकटक झाली तेव्हा ते "आई गं!" म्हणून असे कळवळले की बाहेर बसलेल्या पेशंटनं चपला घातल्या. पंधरवडाभर केलेल्या अभिनयातला हा एवढाच तुकडा बघणाऱ्याला पटला.

"अक्कलदाढ," बाई म्हणाल्या. "आतून किडलेली दिसतेय. काढूनच टाकू."

निरीक्षकांनी हात हलवून बरंच काही सांगायचा प्रयत्न केला, पण तोवर अर्धं तोंड सुन्न झालं होतं. अक्कलदाढ गेली यावर पुढे सगळ्यांनी करायचे ते विनोद केले. ते इथे देत नाही. हातात दाखला, गालात कापसाचा बोळा आणि तासभर तोंड उघडायचं नाही अशी ताकीद घेऊन ते जिना उतरू लागले. डोकं गरगरत होतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी दंडाला धरून त्यांना जिना उतरवला, रस्ता ओलांडून दिला, आणि दारात सोडताना त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "संध्याकाळी खिडकीत दिसा हं. म्हणजे मला कळेल."

शिवणकाकूंचं मशिन दाराशेजारीच असतं. ते थांबलं.

निरीक्षक कठड्याला धरून वर पोचले तोवर काकू एकदा वर जाऊन खाली यायला निघाल्या होत्या. जिन्यात त्यांनी अंग चोरून वाट दिली आणि नमस्कार केला नाही. घरात हेडबाई होत्या. त्या उठल्या, चष्म्यावरून निरीक्षकांकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं, आणि आज तुलना नको म्हणून निघून गेल्या. बायको खोलीच्या मध्यात पाठ करून उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन.

"कोण आहे ती?" तिनं विचारलं.

"उं?" निरीक्षक म्हणाले. तोंडात बोळा होता.

"मी काही आंधळी नाही. रोज संध्याकाळी कोट घालून नटून खिडकीत उभं राहायचं. मी चहा घेऊन येते, मागे उभी राहते, तुम्ही मान वळवत नाही. का वळवाल? समोर ती असते ना! आज तर हाताला धरून आणून सोडलं. आणि संध्याकाळी खिडकीत या म्हणाली. काकूंनी कानांनी ऐकलंय."

खरं म्हणजे निरीक्षकांनी तेव्हाच दाखला पुढे करायला हवा होता. तो खिशातच होता. पण सुन्न जबड्याखाली कुठेतरी त्यांना एकदम उकळ्या फुटल्या. आपल्यावरून! आपल्यावरून कुणाच्या तरी पोटात दुखत होतं! मेहुण्यावरून नाही, तिसऱ्यावरून नाही, वजनमापे निरीक्षकांवरून. पंधरवडाभर ज्याची वाट पाहिली ते चालून आलं होतं. बोळ्याची ताकीद होती, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. खुंटीवरचा कोट चढवून ते सावकाश खिडकीशी गेले, जबडा आता खरोखरच धरवत नव्हता तरी त्याला हात लावला, आणि मान खाली घातली. तिसऱ्याला इतकं जमलं नसतं.

मागे आवाज आला. तो उसासा नव्हता. बायको रडत होती, आणि ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून रडत होती. उकळ्या जिथल्या तिथे विरल्या. आपण काय करून बसलो हे निरीक्षकांना कळलं. त्यांनी बोळा काढून फेकला आणि ते वळले.

मग ते बोलले. पंधरवड्याचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. निम्मं तोंड काम करत नव्हतं, तरी त्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात करून कोट, किराणावाला, काळ्या फिती, हातोडी असं करत दाढेपर्यंत आणून सोडलं. आणि मला त्याचा हेवा वाटतो, फार वाटतो, असंही सरळ सांगून टाकलं. हनुवटीवर थोडं रक्त आलं होतं. दाखला त्यांनी तिच्या हातात दिला. तो तिनं दोन्ही बाजूंनी बघितला.

"तिसऱ्यावर?" ती म्हणाली. "त्या नटावर जळत होतात?"

"त्याच्या मानेवर."

ती खुर्चीत बसली. आधी हसू आलं का आधी रडू हे तिचं तिलाच कळलं नसावं. "अहो, तो वळत नाही म्हणून नाही हो आवडत मला. तुम्ही पुढचं बघितलंत तरी का कधी? पुढे तो वळतो. वळतो आणि तिच्याकडे बघतो. किती वेळ बघतो! बाकीचे चौघं कॅमेऱ्याकडे बघतात. तो एकटा तिच्याकडे बघतो."

निरीक्षकांनी पुढचं बघितलं नव्हतं. दाराची फट त्यांनी स्वतःच लावून घेतली होती. म्हणजे पंधरवडाभर त्यांनी चुकीचा अर्धा भाग पाठ केला होता.

"आणि ती डॉक्टरीण?" बायकोनं विचारलं.

"आज दवाखान्यात शिरेपर्यंत मला ती दिसलीही नव्हती गं. देवाशपथ."

"ते पटतं मला," ती म्हणाली. "तुम्हाला नाहीच दिसत काही." तिनं डोक्यावरचा पदर मागे टाकला. "बघा."

काट्यातला केसाएवढा फरक ज्यांना लांबून कळतो ते निरीक्षक बघत राहिले. लग्नात कमरेखाली पोचणारी आणि त्यानंतर कधीही न कापलेली तिची वेणी तिथे नव्हती. केस मानेवर आखूड कापलेले होते.

"कधी?"

"सोमवारी. हेडबाईंना दिसलं, काकूंना दिसलं. त्या पोस्टमास्तरांनीसुद्धा जिन्यात थांबून छान दिसतंय म्हटलं. तुम्हाला दाखवायला म्हणून चहा घेऊन किती वेळ मागे उभी राहिले मी. मला वाटलं आवडलं नाही, म्हणून बोलत नाही. आज काकूंनी सांगितल्यावर वाटलं, केस आता असेच राहणार, आणि हे तर..."

निरीक्षकांनी पोस्टमास्तरांचा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. पोस्टमास्तरांनी आधी बघितलं हे त्यांना लागलंच, पण आता ते राहू दिलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. समोरून बघितलं, मग जरा वाकून एका बाजूनं बघितलं.

"कान दिसतात," ते अखेर म्हणाले.

"वाईट दिसतात?"

"नाही. म्हणजे, इतकी वर्षं ते कानांवरून घेतलेल्या केसांखालीच होते ना. डावा थोडा बाहेर आहे. उजवा नाही. मला माहीतच नव्हतं."

तिनं पटकन डावा कान हातानं झाकला. कानाचं टोक लाल झालेलं बोटांच्या फटीतून दिसत होतं. "काहीतरीच तुमचं! तिसरा बघताना काही बोलत नाही हं."

"तो काय बोलणार?" निरीक्षक सुजल्या गालानं जमेल तेवढे हसले. "त्यानं पाहिलाय का हा कान?"

ती उठली. पलीकडच्या काचेमागे पांढरा कोट हात वर करून गाल कसा आहे अशी खूण करत होता. तिनं खिडकीपाशी जाऊन पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला, तो नीट बसलाय का हे दोनदा तपासलं, आणि परत येऊन समोर बसली. मग तिनं कानावरचा हात काढला.

"बघा आता," ती म्हणाली.